पुस्तकाचे पान ते जेवणाचे पान: ‘फ्लोरा डॅनिका’ राजभोजनसंचातील बशीचे प्रकरण

पांढऱ्याशुभ्र पोर्सिलेनची एक बशी. काठाला करवतीसारखे बारीक दाते असून त्यांवर सोन्याचा मुलामा चढवलेला आहे. मध्यभागी एक वनस्पती रंगवलेली आहे. राजाच्या टेबलावर आपण गुलाब, ट्यूलिप किंवा फुलांचा गुच्छ अपेक्षू, तसे इथे काही नाही. बांधावर किंवा ओलसर कुरणात उगवणारे एखादे साधे रोप आहे आणि तेही तंतुमुळांसकट उपटून ठेवल्यासारखे. देठ बशीच्या गोलाईला धरून थोडा वाकलेला आहे आणि एखादे पान मधल्या खोलगट भागातून बाहेर सरकून काठाच्या उतारावर चढले आहे. बशी उलटी केली की पाठीवर काळ्या अक्षरांत त्या वनस्पतीचे लॅटिन नाव वाचता येते आणि शेजारी कारखान्याची खूण म्हणून निळ्या रंगाच्या तीन लाटा दिसतात.

ही बशी ‘फ्लोरा डॅनिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेन्मार्कच्या राजभोजनसंचातील आहे. १७९० मध्ये कोपनहेगनच्या शाही पोर्सिलेन कारखान्यात त्याचे काम सुरू झाले, १८०२ मध्ये ते थांबवले गेले आणि तोवर १८०२ नग तयार झाले होते. सालाचा आणि नगांचा आकडा सारखा असणे हा निव्वळ योगायोग आहे, पण वाचताना त्यामुळे हमखास गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीलाच नोंदवतो. राजाच्या जेवणात मुळासकट तण का आले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. बशीच्या रचनेत जे दोष म्हणून दाखवले जातात, म्हणजे वाकवलेले देठ, मधेच तोडलेला खालचा भाग आणि रंगवण्याजोगे न वाटणारे विषय, ते चित्रकाराच्या कमकुवतपणातून आलेले नाहीत. एका पक्क्या निर्णयाचा तो परिणाम आहे, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे मांडतो.

आधी ‘फ्लोरा डॅनिका’ याच नावाच्या पुस्तकाकडे वळावे लागते, कारण बशांवरची चित्रे त्यातूनच घेतलेली आहेत. गेऑर्ग क्रिस्टियान ओएडर हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १७५० च्या दशकात कोपनहेगनला आला. डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील प्रदेशात जी जी वनस्पती आपसूक उगवते ती सगळी चित्ररूपाने छापावी, असा बेत त्याने मांडला. हा प्रदेश त्या काळी आजच्या डेन्मार्कपेक्षा फार मोठा होता, कारण नॉर्वे, आइसलँड, फॅरो बेटे, ग्रीनलँड आणि श्लेस्विग-होल्स्टाइन हे भाग त्यात येत होते. पहिला भाग १७६१ मध्ये निघाला आणि शेवटचा १८८३ मध्ये. दर भागात साठ तांब्याच्या ठशांची चित्रे, असे मुख्य एक्कावन्न आणि पुरवणीचे तीन भाग मिळून ३२४० चित्रे झाली. एकशेबावीस वर्षे चाललेल्या या कामाला ओएडरनंतर अनेक संपादकांचे हात लागले.

या पुस्तकाचा हेतू राजवाड्याची शोभा वाढवणे हा नव्हता, आणि आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. आपल्या मुलखात औषधाला, चाऱ्याला, रंगाला काय उपयोगी पडते आणि विषारी काय आहे, हे सर्वसामान्य सुशिक्षितांना कळावे, ही त्यामागची दृष्टी होती. म्हणून काही प्रती धर्मप्रांतांच्या बिशपांकडे विनामूल्य पाठवल्या जात, जेणेकरून त्या गावोगावच्या पाद्र्यांपर्यंत पोहोचाव्यात. बागेत लावलेल्या शोभेच्या परदेशी झाडांना त्यात जागा नव्हती. गवत, नेचे, शेवाळ, दगडफूल, भूछत्र यांना मात्र होती आणि प्रत्येकाला तितक्याच मानाने स्वतंत्र पान मिळाले होते. रोप उंच असेल तर देठ तोडून त्याचा खालचा भाग शेजारी मांडायचा, फूल उकलून त्याचे भाग सुटे दाखवायचे, मुळे झाकायची नाहीत, ही वनस्पतिचित्रांची शिस्त त्या पानांवर पाळलेली आहे. ज्यांनी महाविद्यालयात हर्बेरियमसाठी रोप दाबून कागदावर चिकटवले असेल त्यांना ही शिस्त लगेच ओळखू येईल.

पोर्सिलेनचा कारखाना या पुस्तकाच्या पहिल्या भागानंतर चौदा वर्षांनी उभा राहिला. फ्रान्झ हाइनरिश म्युलर या औषधी आणि रसायनांच्या जाणकाराने वर्षानुवर्षे खटपट करून खऱ्या, कठीण पोर्सिलेनची कृती साधली होती आणि त्यासाठी लागणारी पांढरी माती त्याला बोर्नहोम या डॅनिश बेटावर मिळाली होती. १ मे १७७५ रोजी कारखाना स्थापन झाला, त्याला पन्नास वर्षांचा एकाधिकार मिळाला आणि राणी युलियाने मारीने त्याला आश्रय दिला. ओरेसुंड, मोठा बेल्ट आणि छोटा बेल्ट या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांच्या तीन लाटा ही त्याची खूण ठरली. पैशाची ओढाताण होऊ लागल्यावर १७७९ मध्ये राजाने तो आपल्याकडे घेतला. पुढे त्याच्या कारभारात थिओडोर होल्मशोल्ड हा गृहस्थ महत्त्वाचा ठरला. तो स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि भूछत्रांचा विशेष अभ्यासक होता. पुस्तकाची चित्रे बशांवर उतरवण्याची कल्पना त्याचीच असावी, असे सामान्यतः मानले जाते. पोर्सिलेन आणि वनस्पती या दोन्हींचा जाणता माणूस कारभाराच्या जागी बसलेला होता, ही गोष्ट लक्षात घेतली तर ते पटतेही.

आता संच कोणासाठी होता या मुद्द्याकडे येऊ. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी हकीगत अशी की युवराज फ्रेडरिकने हा संच रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिला भेट देण्यासाठी करायला सांगितला आणि १७९६ मध्ये तिचे निधन झाल्यामुळे तो डेन्मार्कमध्येच राहिला. राजा क्रिस्टियान सातवा मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि १७८४ पासून कारभार युवराजाच्या हाती होता, त्यामुळे आदेश युवराजाचा होता एवढा भाग सरळ आहे.

कॅथरीनच्या नावाला पुष्टी देणारी परिस्थिती भक्कम आहे. भोजनसंचांची तिची हौस साऱ्या युरोपला ठाऊक होती. इंग्लंडच्या वेजवूड कारखान्याने तिच्यासाठी ९५२ नगांचा एक संच १७७४ मध्ये पुरा केला होता, ज्यावर इंग्लंडमधील खरीखुरी स्थळे रंगवलेली होती. तो पोर्सिलेनचा नव्हता, सायीच्या रंगाच्या बारीक मातीचा होता, पण ‘एका देशाची नोंद भोजनसंचावर’ ही कल्पना तिच्या टेबलावर आधीच पोहोचलेली होती. फ्रान्सच्या सेव्र कारखान्याकडूनही तिने मोठा संच करवून घेतला होता, तर प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने बर्लिनच्या कारखान्यातला संच तिला भेट दिला होता. राजकारणाच्या बाजूनेही मेळ बसतो. १७७३ च्या करारात होल्स्टाइनचा जुना तंटा रशियाने डेन्मार्कच्या सोयीने मिटवला होता आणि १७८८ मध्ये रशियाचा मित्र म्हणून डेन्मार्क स्वीडनविरुद्ध युद्धात उतरला होता.

तरीही तिचे नाव असलेला त्या वेळचा आदेश पुढे आलेला नाही. शिवाय तिच्या निधनानंतर काम सहा वर्षे चालूच राहिले, आणि मूळ ऐंशी जणांच्या पंगतीसाठी आखलेला संच शंभर जणांसाठी वाढवला गेला. भेट द्यायचीच असती तर गादीवर तिचा मुलगा पावेल होताच. माझा कल असा आहे की भेटीचा विचार कधीतरी झाला असणे शक्य आहे, पण बशीवर काय रंगवायचे हे त्या विचाराने ठरवलेले नाही. कॅथरीनला खूश करण्यासाठी कोणी बशीवर शेवाळ रंगवत नाही. संच परक्या दरबारात गेला असता किंवा स्वतःच्या दरबारात राहिला असता, तरी त्याने सांगायची गोष्ट एकच होती: आमच्या राज्यात उगवणारी प्रत्येक वनस्पती आम्ही मोजली आहे, तिला नाव दिले आहे आणि ती आमच्या मातीच्या, आमच्या कारखान्यात भाजलेल्या भांड्यावर उतरवली आहे.

या सगळ्याचा भार ज्याच्या खांद्यावर पडला तो योहान क्रिस्टोफ बायर. त्याचा जन्म १७३८ चा, न्यूरेंबर्गचा. वनस्पतींची छापील चित्रे रंगवण्याची परंपरा त्या शहरात मोठी होती. तो डेन्मार्कला आला, होल्मशोल्डसाठी त्याने भूछत्रांची चित्रे काढली आणि १७७६ पासून तो पोर्सिलेन कारखान्यात काम करू लागला. म्हणजे १७९० मध्ये हा संच हाती आला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता आणि या विषयात मुरलेला होता. संचाचे बहुतेक सगळे रंगकाम त्याने एकट्याने केले. शेवटच्या काळात त्याची प्रकृती साथ देईना तेव्हा फाक्सो या दुसऱ्या चित्रकाराने काही नग रंगवले. झाकणांवरची आणि फळांच्या टोपल्यांवरची मातीत घडवलेली नाजूक, उठावदार फुले सोरेन प्रॉइस याने केली.

हे काम नेमके कसे होते ते जवळून पाहायला हवे, कारण काचेआड ठेवलेल्या बशीकडे पाहून ते कळत नाही. बशी घडवून एकदा भाजली जाते, मग झिलई देऊन सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजली जाते. तेव्हा ती काचेसारखी गुळगुळीत आणि पांढरी होते. इतक्या उष्णतेला टिकणारे रंग फारच थोडे असल्याने बाकीच्या सगळ्या छटा झिलईवरून रंगवाव्या लागतात. त्यासाठी धातूंच्या क्षारांपासून केलेले बारीक दळलेले रंग तेलात कालवून, निसरड्या पृष्ठभागावर बारीक कुंचल्याने चढवायचे आणि साधारण आठशे अंशांच्या भट्टीत पुन्हा भाजायचे, अशी रीत असते. कुंचल्यावर असताना दिसणारा रंग आणि भट्टीतून बाहेर आलेला रंग एक नसतो. पोपटी पान रंगवायचे असेल तर चित्रकाराच्या डोळ्यांसमोर पोपटी रंग नसतोच. तो नंतर येणार हे मनात धरून त्याला आत्ता वेगळाच रंग लावावा लागतो. एका भाजणीत सगळे रंग जमत नाहीत, म्हणून फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीत बशीला तडा जाण्याचा किंवा रंग करपण्याचा धोका असतो. सोने सर्वांत शेवटी चढते. ते भट्टीतून निस्तेज निघते आणि अकीकाच्या दगडाने घासल्यावरच त्याला चकाकी येते.

आता यात पुस्तकाच्या पानाची अडचण घाला. पुस्तकाचे पान उंच आणि उभे आहे, तर बशीचा सपाट भाग गोल आणि वितीपेक्षा फारसा मोठा नाही. चांगल्या सजावटकाराने अशा वेळी रोप आटोपशीर केले असते, दोन फुले कमी केली असती, मुळे गाळली असती आणि रिकाम्या जागी एखादी कळी टाकून तोल साधला असता. अठराव्या शतकातल्या युरोपातील बहुतेक कारखान्यांत पोर्सिलेनवरची फुले अशाच स्वातंत्र्याने रंगवली जात होती. बायरने हे केले नाही. रोप मावत नसेल तर त्याने देठ वाकवला, पान काठावर जाऊ दिले, नाहीतर पुस्तकाप्रमाणेच देठ तोडून शेजारी ठेवला. पानांची संख्या, फुलांच्या पाकळ्या, देठावरची लव, मुळांचे फाटे यांत मात्र त्याने काटछाट केली नाही.

याच गोष्टीसाठी त्याच्यावर टीका होत आली आहे. त्याने डोळे झाकून पुस्तकाची नक्कल केली, बशीचा गोल आकार ध्यानात घेऊन रचना केली नाही, असा तिचा रोख असतो. सजावटीच्या कसोटीने पाहिले तर टीका खरी आहे. काही बशांवर रोप एका बाजूला कलंडल्यासारखे दिसते, तर काहींवर मध्यभाग मोकळाच राहतो. पण ही कसोटीच इथे गैरलागू आहे, असे मला मनापासून वाटते. पाठीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहिलेले असेल तर पुढची बाजू त्या नावाला बांधील राहते. एक पाकळी कमी केली तर नाव खोटे ठरते. बायरने सौंदर्य आणि खरेपणा यांपैकी एक निवडावे लागले तिथे खरेपणा निवडला आणि बारा वर्षे, शेकडो नगांवर ती निवड मोडली नाही. मराठीत झाडाचे पान, पुस्तकाचे पान आणि जेवायला मांडलेले पान यांना एकच शब्द आहे. या बशीत तिन्ही अर्थ एकत्र आलेले आहेत आणि त्यांतला पुस्तकाचा अर्थ कुठेही दुय्यम झालेला नाही.

बारा वर्षांत अठराशे नग म्हणजे वर्षाला सरासरी दीडशे. रविवार आणि सण वगळले तर साधारण दोन दिवसांना एक नग असा हिशेब पडतो. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो आणि हिरव्याच्या पाच छटा वेगळ्या ओळखायला मेणबत्तीचा उजेड पुरत नाही. साठी ओलांडता ओलांडता बायरची दृष्टी क्षीण झाली, ही नोंद त्याच्याबद्दलच्या प्रत्येक लेखनात येते. १८०२ मध्ये राजाज्ञेने काम थांबले तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता, आणि पुढे दहा वर्षांनी, १८१२ मध्ये त्याचे निधन झाले. काम थांबण्यामागे खर्चाचा भार होताच, पण ज्याच्या हातावर सगळे उभे होते तो माणूस थकला होता हेही तितकेच खरे कारण मानले पाहिजे. एवढा मोठा प्रकल्प एकाच्या कौशल्यावर ठेवण्याचा निर्णय कारखान्याच्या दृष्टीने धोक्याचा होता. संचाला जो एकसारखेपणा लाभला तो मात्र त्याच निर्णयामुळे, आणि त्याची किंमत बायरच्या डोळ्यांनी भरली.

२९ जानेवारी १८०३ रोजी क्रिस्टियान सातव्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत संच पहिल्यांदा मांडला गेला. नंतरच्या काळात त्याने बरेच सोसले. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या तेव्हा कारखान्याचेही नुकसान झाले. त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत वापर, फुटतूट आणि गहाळ होणे हे सगळे धरूनही मूळ १८०२ नगांपैकी सुमारे १५३० आजही डेन्मार्कच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. शंभरात पंचाऐंशी नग शिल्लक राहणे ही चिनी मातीच्या भांड्यांच्या बाबतीत थोडी गोष्ट नाही. त्यांतले काही रोझेनबोर्गच्या किल्ल्यात पाहायला मिळतात.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. योहान गेरहार्ड कोनिग हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७६४-६५ मध्ये याच पुस्तकासाठी वनस्पती गोळा करायला आइसलँडला गेला होता. तिथल्या एका इवल्याशा रोपाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याच्या नावावरून कोनिगिया हे नाव दिले. हाच कोनिग १७६८ मध्ये तरंगंबाडीला आला. तरंगंबाडी ही कोरोमंडल किनाऱ्यावरची डॅनिश वसाहत होती आणि तिच्या जागेचा खंड डॅनिश लोक तंजावरच्या राजाला भरत. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातले तुळजाराजे होते. म्हणजे ज्याने गोळा केलेल्या आइसलँडी वनस्पती कोपनहेगनच्या पुस्तकासाठी होत्या, तो माणूस मराठ्यांच्या मुलखाच्या कडेला बसून दक्षिणेतली झाडे तपासत होता. तुळजाराजांचे दत्तक पुत्र सरफोजीराजे यांना शिकवणारे श्वार्ट्झ हे मिशनरीसुद्धा आधी तरंगंबाडीलाच उतरले होते, आणि पुढे सरफोजीराजांनी पशुपक्षी व वनस्पती यांची चित्रे काढवून घेतली. कोपनहेगनच्या बशांचा आणि तंजावरच्या चित्रांचा थेट संबंध मी जोडत नाही. दोन्ही दरबारांत एकाच पिढीत, आपल्या भोवतालचे जिवंत जग नेमकेपणाने रेखाटून ठेवण्याची ओढ होती, एवढेच इथे नोंदवतो.

१८०२ मध्ये काम थांबल्यावर हा नमुना साठ वर्षे पडून राहिला. १८६२ मध्ये राजकन्या अलेक्झांड्रा आणि ब्रिटनचा युवराज एडवर्ड यांचे लग्न ठरले. डेन्मार्कच्या स्त्रियांनी वर्गणी काढून राजकन्येला याच नमुन्याचा नवा संच द्यायचे ठरवले आणि १८६३ च्या त्या लग्नाच्या निमित्ताने कारखान्यात पुन्हा वनस्पती रंगवल्या जाऊ लागल्या. कॅथरीनच्या बाबतीत जे सिद्ध होत नाही ते या दुसऱ्या संचाबाबत घडले आणि परदेशी राजघराण्यात जाणारी डेन्मार्कची भेट म्हणून ‘फ्लोरा डॅनिका’ खरोखरच देशाबाहेर गेला. तेव्हापासून हा नमुना आजतागायत हातानेच रंगवला जातो. करवती काठ, सोने आणि तीन निळ्या लाटा तशाच आहेत, चित्रासाठी आधार त्याच पुस्तकातल्या ठशांचा आहे, आणि बशी पुरी झाली की ती उलटी करून तिच्या पाठीवर वनस्पतीचे लॅटिन नाव अजूनही कुंचल्यानेच लिहिले जाते.